दोघांना सोडा

तंजावूरला बदली होऊन गेले, तेव्हा माझ्या घरमालकीणबाईंनी खोली दाखवताना एकच सूचना दिली. "ही खिडकी लावूं नको. पाकोळ्या येतात जातात."

मी मिरजेची. आमच्याकडे पाकोळी म्हणजे देवळाच्या छताशी घरटं करणारं, संध्याकाळी किंचाळत घिरट्या घालणारं काळं पाखरू. भाडं परवडणारं होतं, राजवाड्यामागच्या गल्लीतून बँक चालत दहा मिनिटांवर होती, आणि मुख्य म्हणजे घरात मराठी बोलत होते. तेव्हा मी खोली घेतली. फक्त रोज बँकेत जाताना गादीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून जाऊ लागले. आठवड्याने बाई वर आल्या आणि दारातच थांबल्या.

"हें काय म्हणून पसरलीस?"

"पाकोळ्या घाण करतील म्हणून."

"पाकोळी घाण करते?" त्यांनी मला खिडकीशी नेलं. बाहेर नारत्तंगाईचं, म्हणजे आपल्या महाळुंगाच्या जातीचं एक काटेरी झाड होतं. त्याच्या शेंड्यावर तळहाताएवढं काळं फुलपाखरू पंख थरथरवत होतं. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि खाली दोन शेपट्या. "ही पाकोळी."

"हे तर फुलपाखरू!"

त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. "फूल, आणि वर पाखरूं. एवढ्याशा जिवाला दोन दोन शब्द? फार खर्चिक लोक तुम्ही." आणि वर्तमानपत्रं गोळा करून खाली घेऊन गेल्या.

सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. मुलींच्या शाळेत तमिळमधून निसर्गशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. घरात एक भाचा आणि त्याची बायको. भाच्याचं गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं. त्याच वर्षी तिथे नव्या कोलाचा लालभडक फ्रिज आला होता आणि गोळीच्या सोड्याच्या बाटल्यांची रवानगी मागे पोत्यांजवळ झाली होती. भाच्याची बायको तमिळ घरातली. मराठीतले नात्याचे आणि जेवणाचे शब्द तेवढे तिला कळत. सांगायचं कारण, या सोड्याच्या बाटल्या आणि ही सून पुढे गोष्टीत येणार आहेत.

टीचरांच्या घरी सांबाराची चव महिन्यामहिन्याला बदलायची. चांगला दाट कढीलिंब परसात असताना फोडणीत एक पान नसायचं. "आज करवेपिलै नाहीं. पानांवर मुलें आहेत." ही मुलं म्हणजे अळ्या. त्या पाकोळीला अंडी घालायला महाळुंग, लिंबू, कढीलिंब असलीच वासाची झाडं लागतात. कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं, एका जागी एकच. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस अगदी चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढते आणि असा काही उग्र वास सोडते की माणूस हात मागे घेतो. हे सगळं टीचरांनी मला पहिल्या महिन्यातच दाखवून टाकलं. मी बँकेतून दमून यायचे, तर थिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, त्या भिंग घेऊन वाट पाहत बसलेल्या. हातपाय धुण्याआधी एक अळी बघावी लागे. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला त्याचा कंटाळा यायचा.

एकदा पापनाशमला नात्यातल्या लग्नाला गेल्या आणि मलाही ओढून नेलं. बसमध्ये मांडीवर स्टीलचा डबा. त्यात तीन अळ्या. त्या कोश करायच्या बेतात होत्या, आणि "या दोन दिवसांत त्यांना एकटें टाकतां येत नाहीं." लग्नघरी कुणीतरी तो डबा घरचं लोणचं समजून स्वयंपाकाच्या बाजूला पोचवला. आचाऱ्याने झाकण काढलं, तिघींनी शिंगं काढली, आणि आचारी ओरडत मांडवात आला. टीचर शांतपणे उठल्या, झाकण लावलं आणि त्याला म्हणाल्या, "तूं घाबरलास तें दिसलें. तीं तिघें किती घाबरलीं, तें तुला दिसलें का?"

त्यांचं एक पालुपद होतं. "अंग पाहा, लुगडें नको पाहूं." ते माणसांनाही लागू असे. आमचा नवा मॅनेजर टाय लावून येतो, छान वाटतो, असं मी म्हटलं की लगेच, "अंग पाहिलेंस?" पण मूळ वाक्य पाकोळीचं होतं. या जातीत नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र बहुतेक वेळा लाल ठिपके ल्यालेली असते. कारण त्याच परसात दुसरी एक लाल ठिपक्यांची जात फिरते. ती ईश्वरीचा विषारी वेल खाऊन वाढते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. आपल्या मादीने तिचं लुगडं उचललं, एवढंच. पण त्या विषारी जातीचं अंगही लाल असतं, आणि हिचं अंग काळंच राहतं, नवऱ्यासारखं. मराठीत या जातीला बहुरूपी म्हणतात असं मी पुढे ऐकलं. टीचर काळी आणि तांबडी म्हणायच्या आणि वर जोडायच्या, "दोघांचें एकच घर."

या एका वाक्यापायी त्यांचं आयुष्य कडू झालं होतं, हे मला पहिल्या नवरात्रात कळलं.

तिकडे नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या, देव, राजाराणी, वाणी-वाणीण, मान डोलावणारी तंजावूरची बाहुली. बायका येतात, हळदीकुंकू घेतात, सुंडल म्हणजे उसळ खातात. टीचरांच्या कोलूत पाचव्या पायरीवर, लाकडी नवराबायकोच्या शेजारी, पितळी गडूत एक फांदी उभी असे आणि तिला कोश लटकलेले. एकाच तांबड्या मादीने घातलेली अंडी त्या फांदीला जाळीची पिशवी बांधून राखत. दिवस मोजून असं जमवत की कोश नवरात्रात फुटावेत. बायकांसमोर त्याच आईच्या पोटचा काळा मुलगाही निघावा आणि तांबडी मुलगीही.

"पण हे सगळ्यांना दाखवायचं कशाला एवढं?" मी विचारलं.

त्या थोडा वेळ बाहुल्यांची धूळ पुसत राहिल्या. मग सांगितलं. खूप वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गावर शाळातपासनीस आले होते. टीचर फळ्यावर दोन पाकोळ्या काढून मुलींना सांगत होत्या की ही नवराबायको. साहेबांनी मागून विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? टीचर म्हणाल्या, पुस्तकात नाही, माझ्या परसात आहे. साहेब म्हणाले, दोन रंग म्हणजे दोन जाती. आणि मग हसून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, म्हणाले की ज्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही त्यांनी नवराबायको कोण ते ठरवू नये.

"मुली हसल्या," टीचर म्हणाल्या. "चाळीस मुली. माझ्याच."

त्यानंतर दर नवरात्रात त्या साहेबांना बोलावणं पाठवत होत्या. साहेब निवृत्त होऊन तिरुवैयारूला राहत. पोस्टकार्ड जायचं, उत्तर यायचं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे. टीचरांना जाऊ देता येत नव्हतं. अळीच्या बाबतीत जो धीर होता तोच रागाच्या बाबतीत होता.

आता त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं. टीचरांना नागरी वाचता येत नव्हती. त्यांच्या आजीला येत असे. मधल्या दोन पिढ्यांत अक्षरं गळून गेली आणि बोली राहिली. म्हणून त्या मराठी लिहायच्या ती तमिळ लिपीत. आणि त्या लिपीत क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. त, थ, द, ध यांनाही एकच. ज आणि स यांच्यासाठी वेगळी अक्षरं काढलेली आहेत, पण टीचरांना ती पटत नसत. त्या च, ज, स सगळं एकाच अक्षरावर भागवायच्या. त्यांचं त्यांना वाचता यायचं. मी बसच्या पाट्यांवरून नुकती तमिळ अक्षरं लावायला शिकले होते, त्यामुळे त्यांची वही वाचताना मला भलताच चेव चढायचा. "घर" लिहिलंय की "खर", हे मोठ्याने वाचून ठरवायचं. बहुतेक वेळा मी बरोबर असायचे. तिथेच गर्व नडला.

दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या चार दिवस आधी तिरुवैयारूहून पोस्टकार्ड आलं. विजयादशमीला दुपारी चार वाजता येतो. बस्स, एवढंच. टीचरांनी ते कार्ड कोलूच्या सगळ्यात वरच्या पायरीवर देवांच्या रांगेत ठेवलं. मी चिडवलं, तर म्हणाल्या, "असों दे. इतकीं वर्षें माझीं कार्डें तेथें राहिलीं, हें एक येथें राहूं दे."

आणि सहाव्या माळेला त्यांना ताप भरला. दोन दिवसांत छाती वाजू लागली. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. जाताना रिक्षात बसून त्यांनी मला बाकी काही सांगितलं नाही. "फांदींत दोन शेवटचे राहिलेत. लक्ष दे."

विजयादशमीच्या सकाळी मी उठून खाली आले, तर गडूजवळ काहीतरी हलत होतं. एक कोश फुटला होता. चुरगळलेले ओले पंख लोंबवत काळा बाहेर येऊन बसला होता. मी तिथेच फतकल मारून बसले. अर्ध्या तासात शेजारचा फुटला आणि तांबडी निघाली. एका आईची, एका फांदीवर, एका सकाळी. टीचरांनी इतक्या वर्षांत जे जुळवायचा प्रयत्न केला होता ते नेमकं त्यांच्या पाठीमागे, आणि नेमकं साहेब यायच्या दिवशी. या प्राण्याचा मला कंटाळा यायचा, हे मी साफ विसरले.

सून डबा घेऊन इस्पितळात निघाली होती. मी तिच्याबरोबर निरोप धाडला: दोघंही आली, एक काळा, एक तांबडी, काय करू? ती अकराच्या सुमारास परतली ती चिठ्ठी घेऊन. औषधाच्या कागदामागे थरथरत्या हाताने दोनच शब्द. तिला अक्षरं यायची पण अर्थ कळत नसे, मला अर्थ कळायचा पण ते वाकडं अक्षर लागत नव्हतं. म्हणून तिने वाचलं, खणखणीत.

"तोगान्ना सोडा."

आणि लगेच म्हणाली, "सोडा? दोन बाटल्या? तापात?"

मला हसू आवरेना. मी तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावलं की हे पेय नव्हे, मराठी आहे. तिला ते पटलं नाही. नवऱ्याच्या दुकानात जाऊन तिने गोळीच्या सोड्याच्या दोन बाटल्या पिशवीत घातल्या आणि पुन्हा इस्पितळात पोचवल्या. मी मात्र चिठ्ठी घेऊन शहाणपण लढवत बसले. पहिला शब्द दोघांना. दुसरा? आदल्याच आठवड्यात चपलांच्या दुकानाच्या पाटीवर मी हेच अक्षर पाहिलं होतं, आणि तिथे ते 'ज' होतं. चपलेची जोडी. म्हणजे जोडा. दोघांना जोडा. एकत्र ठेवा. नवराबायको, एकच घर, चार वाजता साहेब. सगळं कसं चोख बसलं!

मी जेवणावर झाकायची जाळी आणली आणि त्या दोघांवर पालथी घातली.

पंख वाळले तशी ती उडू पाहू लागली. आधी काळा, मग तांबडी. जाळीवर आपटायची, खाली पडायची, पुन्हा आपटायची. दुपारी दोनच्या सुमारास मला वाटलं की हे बरं दिसत नाही. पण चार वाजायला दोनच तास होते. मी जाळीवर ओला पंचा टाकला, अंधारात शांत होतील म्हणून. आत फडफड चालूच राहिली, ती बाहेर ऐकू येत होती.

साहेब बरोबर चारला आले. ऐंशीच्या घरातले, पांढरी शुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि काठी. मी थाटात पंचा काढला. काळ्याच्या दोन्ही शेपट्या गेल्या होत्या आणि तो निपचित पडला होता. तांबडीच्या मागच्या पंखांच्या चिंध्या झालेल्या. लाल ठिपक्यांची पावडर जाळीला लागली होती. साहेबांनी वाकून पाहिलं. मग काठीवर हात टेकून तमिळमध्ये सावकाश म्हणाले, "दोन वेगळ्या जाती एका पिंजऱ्यात ठेवल्या. भांडणारच. तुमच्या टीचरांना मी तेव्हाच सांगितलं होतं." सुंडल न घेता गेले.

संध्याकाळी मी आगपेटीच्या मोठ्या खोक्यात तांबडीला घालून इस्पितळात गेले. टीचर उशाला टेकून बसल्या होत्या. टेबलावर सोड्याच्या दोन बाटल्या, न फोडलेल्या. "ह्या कशाला धाडल्यास, तें मी दुपारपासून विचार करतें आहें," त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. साहेबांचं बोलणंही सांगितलं, एक शब्द न गाळता. तेवढी शिक्षा मला हवी होती.

त्यांनी बाटल्या बाजूला सरकवल्या. मग म्हणाल्या, "जोडा? अग, एका आईचीं तीं! भाऊबहिणीला जोडा म्हणून सांगेन मी?" आणि हसू लागल्या. हसता हसता खोकला आला, नर्स धावली. खोकला थांबल्यावर त्यांनी खोका मागून घेतला. बोटाचं टोक पुढे केलं, तशी तांबडी कशीबशी त्यावर चढली.

"पण टीचर, तुम्हाला माहीत होतं ना, ते चार वाजता येणार आहेत? तरी सोडा म्हणून लिहिलंत?"

"होय की."

"मग दाखवायचं काय होतं त्यांना?"

"दाखवावयाचें होतेंच. फार होतें." त्या बोटाकडेच बघत होत्या. "पण तीं दोन तासांचीं होतीं, मुली. दोन तासांच्या जिवाला मी साक्षीला बसवूं?"

मला रडू फुटलं. सुनेने वाचलं ते शब्दनशब्द बरोबर होतं. मराठीचे मोजके शब्द कळणाऱ्या बाईने सोडा म्हटलं आणि मी, मिरजेची, एम. कॉम., तिला हसले. चिठ्ठीत जे होतं ते मी वाचलंच नव्हतं. मला साहेबांची जिरवायची होती, ते वाचलं होतं. हे मी टीचरांना सांगितलं. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"मला तीं दोन अक्षरें दाखव," त्या म्हणाल्या. "तुमच्या लिपींतलीं. माझी आजी काढीत असेल तशीं."

त्यांच्या केसपेपरच्या मागे मी मोठा स काढला आणि मोठा ज काढला. शाळेत शिकवतात तसं उदाहरणही दिलं. "स, सोडायचा. राग सोडायचा. ज, जोडायचा. आमच्याकडे म्हणतात, माणूस जोडायचा."

"माणूस जोडावयाचा?" त्यांना ते गमतीचं वाटलं. "काय, सुतारासारखा?" मग पेन्सिल घेऊन त्या गिरवू लागल्या. स लवकर जमला. ज चा काना त्या पुन्हा पुन्हा विसरत. "तुझे दोन्ही शब्द लक्षांत ठेवतें," त्या म्हणाल्या, "पण पहिला या वर्षीं होणार नाहीं. तो माणूस सुंडल न घेतां गेला."

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. नवरात्र यायच्या आधीच मी महाराष्ट्रात परतले. निघताना त्यांनी वाळवलेल्या नारत्तंगाईच्या फोडी बांधून दिल्या आणि रिक्षावाल्याला बजावलं की हिला स्टेशनवर सोड. "सोड, ऐकलेंस ना?" असं माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाल्या. पत्रं आधी वरचेवर गेली, मग सणावारी, मग नाही. माझ्याकडूनच थांबली, हे कबूल करायला हवं.

टीचर गेल्याचं मला चार-पाच वर्षांनी कळलं, तेही टपालाने वही आली तेव्हा. सुनेने धाडली होती. वर इंग्रजीत चिठ्ठी: घरात कुणाला हे वाचता येत नाही, तुम्हाला येईल.

रविवारी सगळे बाहेर गेल्यावर मी ती मांडीवर घेतली. तमिळ अक्षरं पुसट झाली होती डोक्यातून. पुन्हा मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचू लागले. अंडी, पानं, कात, कोश. मी गेल्यानंतरच्या पानांवर मात्र तमिळ ओळींत मधूनच एखादं नागरी अक्षर उभं होतं. सगळीकडे तीच दोन.

मी निघून गेले त्याच वर्षीच्या विजयादशमीचं पान सापडलं. मला लागलं ते असं:

"ते पहिल्या बसने आले. मी बोलावलें होतें, सकाळीं या म्हणून. कोलूसमोर बसले. आठ वाजतां काळा. मग तांबडी. त्यांनीं चष्मा लावून अंग पाहिलें, दोघांचें. सुंडल दोनदां घेतलें. जातांना माझ्या वर्गांत किती मुली होत्या म्हणून विचारलें. चाळीस, मी सांगितलें. त्यांनीं हात जोडले. पाकोळ्या सोडल्या. रागही सोडला. माणूस जोडला."

शेवटच्या 'जोडला'मधला ज काना विसरून काढलेला होता, आणि मग काना शेजारी वेगळ्या शाईने दिला होता. सोडल्या, सोडला, जोडला हे तीन शब्द वाचताना मला एकदाही अडायला झालं नाही.